बदलते श्रमजीवन आणि वाहतुकीतील न्याय : कोपरगाव तालुक्याचा ऐतिहासिक अभ्यास (१८७८ ते २०२५)

प्रस्तावना

माणसाचे घर आणि त्याचे काम यांमधील अंतर हा आर्थिक इतिहासातील दुर्लक्षित विषय आहे. उत्पादन, मजुरी, जमीनधारणा आणि बाजारभाव यांवर विपुल लेखन झाले. परंतु कामापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाला किती चालावे लागले, त्याचा खर्च कोणी सोसला आणि त्या वाटेवरील धोका कोणाच्या वाट्यास आला, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. वस्तुतः कामाचे स्वरूप बदलले की हे अंतर बदलते, आणि अंतर बदलले की गावाचे, शहराचे व संपूर्ण प्रदेशाचे रूप पालटते.

औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये हा प्रश्न लवकर उपस्थित झाला. लोहमार्गांच्या बांधकामासाठी लंडनमधील गरीब वस्त्या हटविल्या गेल्या, कामगार शहराबाहेर फेकला गेला आणि त्याला रोज कामावर येणे परवडेनासे झाले. १८८३ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वस्त रेल्वेगाड्यांचा कायदा केला आणि कामगारांसाठी सकाळ-संध्याकाळ अल्पदरात गाड्या चालविण्याचे बंधन रेल्वे कंपन्यांवर घातले. कामाच्या अंतराचा भार एकट्या कामगाराने सोसू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. त्याच सुमारास दख्खनमध्येही लोहमार्ग धावू लागले होते. परंतु येथे असे तत्त्व रुजले नाही. त्याचे परिणाम कोणते झाले, हे एका तालुक्याच्या मर्यादेत तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

त्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील गोदावरीकाठचा कोपरगाव तालुका निवडला आहे. लोहमार्ग, कालवे, खासगी साखर कारखाने, सहकारी साखर कारखाने, शिर्डीचे तीर्थक्षेत्र, विमानतळ आणि समृद्धी महामार्ग ही महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील बहुतेक सर्व स्थित्यंतरे या एका तालुक्याच्या भूमीवर एकामागून एक घडली आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कोपरगाव परिसरातील कामाच्या स्वरूपात झालेल्या बदलांचे कालानुक्रमे विवेचन करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर उपलब्ध झालेली वाहतुकीची साधने प्रामुख्याने कोणासाठी होती, हे तपासणे.
३) श्रमिक, स्त्रिया व विद्यार्थी यांच्या दृष्टीने वाहतुकीतील न्यायाचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, जनगणना, कायदे व मुद्रित साहित्य या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

नदी, वाट आणि बाजार

लोहमार्ग येण्यापूर्वीचे कोपरगाव हे नदी ओलांडण्याचे ठिकाण होते. नगरहून मालेगावकडे जाणारी वाट येथे गोदावरी पार करीत असे. पेशवाईच्या इतिहासात या गावाचे नाव येते ते रघुनाथराव पेशव्यांमुळे. सालबाईच्या तहानंतर त्यांनी येथे वास्तव्य केले आणि १७८३ मध्ये त्यांचे येथेच निधन झाले.

या काळातील श्रमजीवनाचे वैशिष्ट्य असे की बहुसंख्यांचे घर व काम यांत फारसे अंतर नव्हते. शेतकरी गावठाणातून शिवारात जाई, बलुतेदाराचे काम त्याच्या दाराशी चाले. लांबचा प्रवास हा ज्यांचा व्यवसायच होता, ते लमाण, गाडीवान आणि नावाडी तेवढे सतत फिरतीवर असत. धान्य, मीठ व कापूस यांची ने-आण बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांमधून होत असे. तात्पर्य, वाहतूक ही कामापर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती, तर तीच अनेकांचे काम होती. या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढील टप्प्यात स्पष्ट होते.

लोहमार्गाचे आगमन

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनची शेती उद्ध्वस्त केली. याच काळात दौंड ते मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा लोहमार्ग सरकारी खर्चाने बांधण्यात आला आणि १८७८ मध्ये तो खुला झाला. मुंबईहून कलकत्त्याकडे आणि मद्रासकडे जाणाऱ्या दोन मुख्य मार्गांना जोडणारा हा दुवा होता. त्याची आखणी या दोन टोकांच्या गरजेतून झाली होती. येवले, कोपरगाव, पुणतांबे व बेलापूर ही त्यावरील मधली स्थानके.

लोहमार्गामुळे दुष्काळी मुलखात धान्य वेगाने आणणे शक्य झाले, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र श्रमाच्या दृष्टीने त्याने दुहेरी परिणाम घडविला. दूरच्या वाहतुकीवर जगणाऱ्या लमाणांचे व गाडीवानांचे काम हिरावले गेले. त्याच वेळी स्थानक ते बाजारपेठ आणि स्थानक ते खेडी अशी जवळच्या पल्ल्याची नवी वाहतूक निर्माण झाली. कोपरगावचे स्थानक मूळ गावापासून दूर असल्याने टांगा व बैलगाडी यांना तेथे काम मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी शिर्डीच्या साईबाबांच्या दर्शनास येणारे भाविक कोपरगाव स्थानकावर उतरून टांग्याने नदीपलीकडे जात. १९१८ मध्ये साईबाबांचे महानिर्वाण झाल्यानंतरही अनेक दशके कोपरगाव हेच शिर्डीचे रेल्वे स्थानक राहिले.

लोहमार्गाने वसाहतींची रचनाही बदलली. बेलापूर स्थानकाभोवती वाढलेली वस्ती पुढे श्रीरामपूर या मोठ्या व्यापारी शहराच्या रूपाने विकसित झाली, तर मूळ बेलापूर गाव मागे पडले. परंतु स्थानकापासून आठ-दहा मैलांवरील खेड्यातील मजुराला रोजच्या कामासाठी या लोहमार्गाचा काहीच उपयोग नव्हता. त्याला रेल्वेचा उपयोग होई तो गाव सोडून मुंबईसारख्या शहराकडे जाताना. रोज कामावर जाऊन संध्याकाळी घरी परतणारा श्रमिक रेल्वेच्या वेळापत्रकात कोठेच नव्हता.

कालवा, ऊस आणि मळ्यावरची वस्ती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नांदूर मधमेश्वर येथील बंधारा, गोदावरीचे डावा व उजवा हे दोन कालवे आणि १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण यांमुळे कोपरगाव परिसराचे अर्थकारण मुळापासून बदलले. बाजरी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात बागायती ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी बागायतदारांनी येथे येऊन ऊसशेती केली, गुऱ्हाळे चालविली आणि गुळाचा व्यापार वाढला. पूर्वी दुष्काळात ज्या भागातून माणसे पोटासाठी बाहेर पडत, त्या भागात आता बाहेरून मजूर येऊ लागला. कालव्याने पाण्याची दिशा ठरविली आणि पाण्याने श्रमाची.

पुढचा टप्पा खासगी साखर कारखान्यांचा होता. शेजारच्या हरिगाव येथे बेलापूर कंपनीने आणि टिळकनगर येथे महाराष्ट्र शुगर मिल्सने कारखाने उभारले. पुणतांब्याजवळ चांगदेव शुगर मिल्स आणि करमशी जेठाभाई सोमय्या यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या गोदावरी शुगर मिल्सचे साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथील कारखाने हे तत्कालीन कोपरगाव तालुक्यातील प्रमुख कारखाने होत. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतःचे विस्तीर्ण ऊसमळे उभे केले.

या व्यवस्थेत घर व काम यांतील अंतराचा प्रश्न एका विशिष्ट रीतीने सुटला. कारखान्याच्या आवारात चाळी बांधल्या गेल्या, मळ्यांवर वस्त्या वसल्या, दुकान, शाळा व दवाखाना जवळ आला. साकरवाडी, टिळकनगर, चांगदेवनगर ही नावेच सांगतात की कारखाना आधी आणि गाव नंतर, असा हा क्रम होता. कामगाराला रोजचा प्रवास करावा लागत नव्हता. परंतु या सोयीची किंमत होती. घर मालकाचे असल्याने काम सुटले की घरही सुटत असे. दूरची दुसरी नोकरी शोधण्यासाठी लागणारा रस्ता व वाहन उपलब्ध नसल्याने कामगाराची सौदाशक्ती मर्यादित राहिली. प्रवासाची गरज नसणे आणि प्रवासाची मुभा नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मळ्यावरच्या वस्तीत त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या मळ्यांचा पाया काढून घेतला. कारखान्यांच्या जमिनी शासनाने ताब्यात घेतल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्या सोपविण्यात आल्या. मूळ खंडकरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी दीर्घ लढा दिला आणि २०१२ पासून त्या जमिनींचे वाटप सुरू झाले. खंडकऱ्यांच्या दृष्टीने हा न्याय होता. मात्र मळ्याभोवती वसलेल्या शेतमजूर कुटुंबांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. जेथे काम होते तेथे वस्ती राहिली आणि काम मात्र दुसरीकडे गेले. तीन पिढ्या प्रवासाविना जगलेल्या या वस्त्यांना रोजच्या मजुरीसाठी बाहेर पडणे भाग पडले.

सहकार : उसाचे वेळापत्रक आणि माणसाची वाट

विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. या प्रेरणेतून १९५० च्या दशकात कोळपेवाडी येथे कोपरगाव सहकारी साखर कारखाना आणि १९६० च्या दशकात संजीवनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे या दोन नेत्यांच्या नावांशी तालुक्याचा पुढील अर्धशतकाचा इतिहास निगडित झाला.

सहकाराने मालकीचा प्रश्न सोडविला; परंतु अंतराचा प्रश्न नव्या रूपात उभा केला. खासगी कारखान्याचा ऊस त्याच्या सलग मळ्यातून येई. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या विखुरलेल्या शेतांतून येऊ लागला. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटत असल्याने तो विनाविलंब गव्हाणीत पडणे आवश्यक असते. त्यामुळे तोडणीचा कार्यक्रम, वाहनांची नोंद आणि वजनकाट्यावरील क्रम यांची काटेकोर व्यवस्था निर्माण झाली. गावोगावचे रस्ते सुधारण्यास कारखान्यांनी हातभार लावला, कारण त्या रस्त्यांवरूनच ऊस येणार होता. तोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होत असल्याने सभासद शेतकऱ्यालाही अंतराचा हिशेब कळू लागला.

दुधाच्या धंद्यातही हेच घडले. दूध नासू नये म्हणून संकलनाची गाडी सकाळ-संध्याकाळ खेड्यापर्यंत जाऊ लागली. म्हणजे नाशवंत मालासाठी दिवसातून दोनदा वाहन पोहोचविणारी व्यवस्था ग्रामीण भागाने स्वतःच्या बळावर उभी केली. ही सहकाराची मोठी कामगिरी आहे.

परंतु ज्या माणसांनी ऊस तोडला, त्यांच्या प्रवासाची अशी व्यवस्था झाली नाही. बीड, पाथर्डी व अन्य दुष्काळी भागांतून ऊसतोडणी कामगार हंगामासाठी येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती-पत्नीची जोडी हे श्रमाचे एकक मानले जाते आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. बैलगाडीतून ऊस कारखान्यापर्यंत नेणारे ‘गाडी सेंटर’चे कामगार कारखान्याजवळ कोप्या घालून राहतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये डोक्यावरून मोळ्या भरणारे ‘डोकी सेंटर’चे कामगार तोड जशी पुढे सरकेल तसे गावोगाव फिरत राहतात. हंगामाच्या आरंभी आणि शेवटी ही कुटुंबे संसार, लहान मुले व जनावरे यांसह मालवाहू वाहनांतूनच प्रवास करतात. उसासाठी असलेले वाहनच त्या दिवसापुरते माणसांसाठी वापरले जाते.

या विषमतेचे उघड दर्शन २०२० च्या टाळेबंदीत झाले. साखर हे जीवनावश्यक उत्पादन असल्याने काही कारखान्यांचे गाळप चालू राहिले. गाळप संपले तेव्हा जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. त्या वेळी राज्यातील ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोडणी कामगार अडकले होते. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने वैद्यकीय तपासणी करून त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. तोपर्यंत साखरेला रस्ता होता. ती तयार करणाऱ्या हातांना नव्हता.

एसटी : रोजच्या प्रवासाचा सार्वजनिक आधार

रस्ते वाहतुकीचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात बराच आधी झाला. धनंजयराव गाडगीळ व ल. वि. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी केली आणि ती १९३५ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केली. पुढे सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने त्याआधी बसवाहतुकीचा अभ्यास केला होता, ही बाब लक्षणीय आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना पद्धती दृढ झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि सार्वजनिक प्रवासी वाहतुकीचे नवे पर्व सुरू झाले.

एसटीचे ऐतिहासिक महत्त्व असे की खेड्यातील सामान्य माणसाच्या रोजच्या प्रवासासाठी आखलेले हे या प्रदेशातील पहिले साधन होते. फायद्यातील मार्गाच्या उत्पन्नातून तोट्यातील मार्ग चालवावयाचा, हे तिचे सूत्र होते. कोपरगाव आगारातून सुटणाऱ्या गाड्यांनी खेडी तालुक्याच्या गावाशी, महाविद्यालयांशी आणि बाजाराशी जोडली. मुक्कामी गाडी सकाळी गाव सोडते आणि विद्यार्थी, दूधवाले, कचेरीत काम असणारे शेतकरी व रुग्ण यांना घेऊन येते. अनेक गावांच्या दिनक्रमाची घडी या एका गाडीवर बसली आहे.

विद्यार्थिनींच्या शिक्षणात एसटीचा वाटा विशेष आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेनुसार ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत प्रवासाची सवलत देण्यात आली. बारावीनंतर मात्र सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. ज्या वयात मुलीचे शिक्षण थांबविण्याचा निर्णय घरात होण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच वयात तिचा प्रवास विनामूल्य राहत नाही, ही बाब महाविद्यालयीन प्राध्यापकांनी विचारात घेण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. तथापि सवलतीचा लाभ गाडी असेल तरच मिळतो. ज्या गावाला दिवसातून एकच फेरी आहे, तेथे तिकिटाचा दर निम्मा झाल्याने प्रवासाची संधी दुप्पट होत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने या आधाराचे मोल दाखवून दिले. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे व सेवाशर्तींचे प्रश्न खरे होते. पण एसटी थांबली तेव्हा ज्यांच्याकडे दुचाकी होती ते चालते राहिले आणि ज्यांच्याकडे नव्हती ते घरी बसले. वाहतुकीच्या साधनांतील विषमता एरवी झाकलेली असते. सार्वजनिक साधन बंद पडताच ती उघडी पडते.

एसटीची वेळ न जुळणाऱ्या श्रमिकांनी आपली व्यवस्था पूर्वीपासून निराळी केली होती. सायकल, पुढे दुचाकी, सहाआसनी रिक्षा, काळी-पिवळी जीप ही त्यांची साधने होत. खुरपणीला व कांदा लागवडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या टोळ्या पिकअप वा छोट्या टेंपोतून नेल्या जातात. शेतमालक गाडी पाठवितो म्हणून त्यांना काम मिळते. परंतु ती गाडी प्रवासी वाहतुकीसाठी बनविलेली नसते. कामाच्या ठिकाणाबरोबर मालकही रोज बदलत असल्याने या प्रवासाची जबाबदारी निश्चितपणे कोणावरही येत नाही.

तीर्थक्षेत्र, विमानतळ आणि द्रुतगती महामार्ग

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशातील रोजगाराचा तोल शेती व साखरेकडून सेवाक्षेत्राकडे झुकू लागला. शिर्डीतील निवासस्थाने, उपाहारगृहे, दुकाने, सुरक्षा, स्वच्छता व वाहतूक यांत हजारो हातांना काम मिळाले. १९९९ मध्ये राहाता तालुका निर्माण होऊन शिर्डी व पुणतांबे हा भाग कोपरगावपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. परंतु श्रमाचा बाजार एकच राहिला. साखर कारखान्याची पाळी ठरलेली असते. तीर्थक्षेत्रातील काम पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत चालते, गर्दीच्या दिवसांत वाढते आणि बहुधा कंत्राटी असते. अशा कामाला ठराविक वेळेची एसटी अपुरी पडते.

मार्च २००९ मध्ये पुणतांब्यापासून साईनगर शिर्डीपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. हे गाव कोपरगाव तालुक्यातील आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत गाडी सुरू झाली, तेव्हा तिला दादर, ठाणे व नाशिकरोड हे थांबे देण्यात आले. शतकभर शिर्डीचे प्रवेशद्वार असलेले कोपरगाव स्थानक त्यांत नव्हते.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. अहिल्यानगर जिल्ह्यात हा महामार्ग कोपरगाव तालुक्यातून सुमारे २९ किलोमीटर जातो. शिर्डीसाठीचा प्रवेशमार्ग कोकमठाण येथे आहे. या मार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना प्रवेश नाही. वेगाच्या महामार्गावर सुरक्षिततेसाठी हा नियम आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा सामाजिक अर्थ असा की ज्या शिवारांतून रस्ता गेला, तेथील श्रमिकाकडे असलेले जवळजवळ प्रत्येक वाहन या रस्त्यावर निषिद्ध ठरते. पलीकडच्या शेतात जाण्यासाठी त्याला भुयारी मार्गाचा शोध घ्यावा लागतो. नागपूर व मुंबई ही शहरे जवळ आली. दोन शेजारी वस्त्यांमधील अंतर मात्र काही ठिकाणी वाढले.

या साऱ्या सुविधा तालुक्यात येऊनही कोपरगाव शहराची वाढ मंदच राहिली, असे जनगणनेवरून दिसते. २००१ मध्ये सुमारे ६० हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ६५ हजार झाली. म्हणजे दशकभरात वाढ ९ टक्क्यांच्या आसपास राहिली. त्याच दशकात महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या २३ टक्क्यांहून अधिक वाढली. या मंदगतीला पाणीटंचाईसह अनेक कारणे आहेत. तरीही शहराजवळून मार्ग जाणे आणि शहराला मार्ग मिळणे यांतील फरक या आकड्यांच्या संदर्भात ध्यानात घ्यावा लागतो.

चर्चा : अंतराची किंमत

वरील टप्प्यांचा एकत्रित विचार करता वाहतुकीचे साधन आणि श्रमिक यांच्या संबंधातील एक सातत्य स्पष्ट होते. लोहमार्ग दोन मुख्य मार्गांना जोडण्यासाठी आला. कारखान्यांच्या भागातील रस्ते उसासाठी सुधारले. शिर्डीचा लोहमार्ग, विमानतळ व द्रुतगती महामार्ग दूरच्या प्रवाशासाठी व मालासाठी झाले. केवळ एसटीची मूळ कल्पना रोज ये-जा करणाऱ्या स्थानिक माणसाला समोर ठेवून साकारली.

अंतराची किंमत चार प्रकारे मोजावी लागते : पैसा, वेळ, धोका आणि घर. नोकरदार ती बहुधा पैशाने चुकवितो. विद्यार्थिनी ती वेळाने चुकविते, कारण तास संपल्यावर तिला गाडीची वाट पाहावी लागते. शेतमजूर स्त्री ती धोक्याने चुकविते. ऊसतोडणी कामगार ती घराने चुकवितो, कारण वर्षातील पाच-सहा महिने त्याला घरच नसते. ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्या वाट्याला यांपैकी अधिक जड किंमत येते, हा या इतिहासाचा सारांश आहे.

ही किंमत कायद्याने मान्य करता येते, याचे भारतीय उदाहरण उपलब्ध आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे आणि त्यापलीकडे दिल्यास प्रवास व निर्वाहासाठी दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. १८८३ च्या ब्रिटिश कायद्यामागील तत्त्वच येथे निराळ्या स्वरूपात प्रकट झाले. खासगी शेतीतील व साखर उद्योगातील श्रमिकांना मात्र असे संरक्षण मिळाले नाही.

तोडणी व वाहतुकीच्या खर्चात उसाच्या प्रत्येक टनाचा प्रवास मोजला जातो. त्याच हिशेबात तोडणी कामगारांना प्रवासी वाहनाने आणण्याचा व परत पोहोचविण्याचा खर्च एक स्वतंत्र बाब म्हणून धरणे अव्यवहार्य नाही. एसटीच्या फेऱ्या ठरविताना केवळ शाळा-कचेरीच्या वेळा न पाहता सेवाक्षेत्रातील पाळ्या व महाविद्यालयांचे दुपारचे वर्ग विचारात घेता येतील. द्रुतगती महामार्गालगतचे सेवारस्ते व भुयारी मार्ग हे स्थानिकांच्या दृष्टीने मुख्य रस्तेच आहेत, असे मानून त्यांची देखभाल व्हावयास हवी.

निष्कर्ष

१) कोपरगाव परिसरात १८७८ पासून कामाचे स्वरूप किमान पाच वेळा बदलले आणि प्रत्येक बदलाने घर व काम यांतील अंतर नव्याने ठरविले.

२) खासगी मळ्यांच्या काळात अंतर मिटले, पण कामगाराचे स्वातंत्र्य संकुचित झाले. म्हणून केवळ अंतर कमी असणे हा न्यायाचा निकष ठरू शकत नाही. आपल्या इच्छेनुसार जाता-येता येणे हा निकष अधिक योग्य आहे.

३) सहकाराने ऊस व दूध यांच्या वाहतुकीची उत्तम व्यवस्था निर्माण करून ग्रामीण भागाची संघटनशक्ती सिद्ध केली. तीच शक्ती श्रमिकांच्या प्रवासासाठी पुरेशी वापरली गेली नाही.

४) आधुनिक वेगवान मार्गांनी प्रदेशाचे महत्त्व वाढविले, परंतु स्थानिक श्रमिकाची गतिशीलता त्या प्रमाणात वाढली नाही. सवलतींचे मूल्य फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे.

५) एखाद्या प्रदेशाच्या विकासाचे मोजमाप तेथून जाणाऱ्या मार्गांच्या लांबीवर व वेगावर केले जाते. त्यासोबत, पहाटे कामास निघालेली मजूर स्त्री आणि संध्याकाळी महाविद्यालयातून परतणारी विद्यार्थिनी यांना सुरक्षितपणे व परवडेल अशा खर्चात घरी पोहोचता येते किंवा नाही, हेही मोजले जाणे आवश्यक आहे. कोपरगावच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात हे मोजमाप अद्याप झालेले नाही.